द्राक्ष पाहून ओक: धाब्याच्या घरातल्या बरण्यांची उन्हाळी नोंद

कोणत्या द्राक्षाच्या वाइनला कोणता ओक, म्हणजे बॅरलचं लाकूड, शोभतो हे मी बरण्यांत ओकचे तुकडे टाकून पाहतोय. मागच्या नोंदीनंतर सगळ्या बरण्या जळगावच्या फ्लॅटमधून यावल तालुक्यातल्या आमच्या जुन्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरात हलवल्या. पारा 44 च्या वर गेला की स्लॅबखाली वाइन ठेवण्यात अर्थ नाही. वाइनरीच्या तळघरात बॅरल साधारण 12 ते 16 अंशांत असतात. धाब्याच्या मधल्या खोलीत एवढा गारवा मिळत नाही, पण जाड मातीमुळे पहाट आणि दुपार यांत फार तफावत पडत नाही, आणि अशी तफावत वाइनला फार बाधते.

मांडणी तीच आहे. लाकूड न लागलेल्या नाशिकच्या तीन वाइन, द्राक्षांच्याच नावाच्या: कॅबर्ने सोव्हिन्यों आणि शिराझ या लाल, शेनिन ब्लाँ पांढरी. काचेच्या बरण्या गळ्यापर्यंत भरलेल्या. प्रत्येक वाइनच्या एका बरणीत फ्रेंच ओकचे तुकडे, दुसरीत अमेरिकन, दोन्हीकडे लिटरला 3 ग्रॅम आणि मध्यम भाजणी, म्हणजे लाकूड मध्यम भाजलेलं. तिसरी बरणी तुलनेसाठी कोरी.

सुरुवात शिराझपासून, कारण तिथे निकाल स्पष्ट आहे. अमेरिकन ओकच्या बरणीचं झाकण काढलं आणि आत जाता जाता माय थांबली. "काय रे, खोबरं भाजून राह्यला का?" बरणीत काय आहे ते तिला सांगितलेलं नव्हतं. अमेरिकन पांढऱ्या ओकात लॅक्टोन नावाचं वासाचं द्रव्य भरपूर असतं, सुक्या खोबऱ्याचा वास त्याचाच. मागून व्हॅनिला येतो. शिराझचं पिकलेलं काळं फळ आणि मिरी हे सगळं पेलून धरतात. ऑस्ट्रेलियात पेनफोल्ड्स वाइनरीची ग्रेंज ही शिराझची वाइन नव्या अमेरिकन ओकमध्ये मुरवतात ते का, हे या बरणीने मला समजावलं. स्पेनच्या रिओहा भागातही टेम्प्रानिलो द्राक्षाला हाच ओक पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय.

तेच तुकडे कॅबर्नेत मात्र बसत नाहीत. कॅबर्नेला स्वतःचा ढोबळी मिरचीसारखा हिरवट वास असतो. तो एकीकडे, खोबरं दुसरीकडे, आणि मध्ये काहीच नाही. फ्रेंच ओकच्या बरणीत लवंग आणि थोडा देवदार लागतो, तोही फळाच्या मागून. फ्रान्सच्या अलिए भागातल्या त्रोंसेसारख्या जंगलांत झाडं दाटीने, सावकाश वाढतात, त्यामुळे लाकडाच्या रेषा बारीक होतात आणि वाइनमध्ये चव हळूहळू उतरते. या ओकात लॅक्टोन कमी आणि टॅनिन, म्हणजे तोंड आवळणारा तुरटपणा, जास्त. आधीच टॅनिनने भरलेल्या द्राक्षाला आणखी टॅनिन कशाला, असं कोणीतरी ग्रुपवर विचारलं होतं. कॅबर्नेच्या अंगात तेवढा दम असतो म्हणूनच ते पचतं. नाजूक सालीच्या पिनो न्वार या लाल द्राक्षाला फ्रान्सच्या बर्गंडीत फ्रेंच ओकच देतात, पण नव्या बॅरलचा वाटा बऱ्याचदा बेताने ठेवतात.

किमतीचंही सांगतो. अमेरिकन ओकच्या लाकडातल्या पाणी वाहणाऱ्या बारीक नळ्या आतून बुजलेल्या असतात, त्यामुळे करवतीने कापला तरी फळी गळत नाही. फ्रेंच ओक रेषेच्या दिशेने फोडावाच लागतो आणि खोडाचा बराच भाग वाया जातो. फ्रेंच बॅरल महागतं ते मुख्यतः इथे.

भाजणीचा हिशोब आपल्या भरितासारखा आहे: वांगं पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या, जाळावर जास्त वेळ राहिलं की वांगं मागे पडतं आणि धूर पुढे येतो. मध्यम भाजणीत व्हॅनिला आणि कॅरमेल, कडक भाजणीत धूर आणि कॉफी. कडक भाजणीचे तुकडे मी अजून फक्त शिराझसाठी बाजूला काढलेत.

शेनिन ब्लाँ दोन्ही बरण्यांत हरली. पेरूचा, लिंबाचा तो ताजेपणा गेला, फक्त लाकूड उरलं. अशा वासाच्या पांढऱ्या द्राक्षांना स्टीलची टाकी किंवा चव संपलेलं जुनं बॅरलच बरं. शार्डोने या पांढऱ्या द्राक्षाची गोष्ट वेगळी. तिचा स्वतःचा वास सौम्य, शिवाय ती बॅरलमध्येच आंबवतात. आंबताना यीस्ट लाकडातल्या व्हॅनिलिनचा (व्हॅनिलाचा वास देणाऱ्या द्रव्याचा) काही भाग बदलून टाकतं, म्हणून लाकूड टोचत नाही. तयार वाइनमध्ये तुकडे टाकून हे साधत नाही.

तुकड्यांची दुसरी मर्यादाही लक्षात ठेवा. बॅरलमधून वाइनला अगदी थोडा थोडा ऑक्सिजन मिळतो, त्याने टॅनिन मऊ होतं आणि रंग टिकतो. माझ्या बरण्या फक्त चवीबद्दल बोलतात.

5 लिटरचं छोटं बॅरल घ्यावं का, हा प्रश्न बऱ्याच जणांचा आहे. माझं उत्तर नाही. 225 लिटरच्या बोर्दो बॅरलच्या तुलनेत त्यात प्रत्येक लिटरला साडेतीनपट लाकूड लागतं. फळ मुरायच्या आत ओक चढतो, आणि आपल्या कोरड्या उन्हाळ्यात फळ्या आटून सांधे सुटतात ते वेगळंच.

पुढच्या नोंदीसाठी कॅबर्नेत हंगेरियन ओक टाकतोय, लिटरला 2 ग्रॅम. कोणी आधी करून पाहिलं असेल तर कोणती भाजणी वापरली ते नक्की लिहा.