एक जूनवाले

गावच्या शाळेत शिकून साठी ओलांडलेल्यांचा एखादा व्हॉट्सॲप ग्रुप असेल, तर एक जूनला सकाळपासून त्यावर केकची चित्रं पडायला लागतात. उत्सवमूर्ती एक नसते, चांगल्या सात-आठ असतात. मग कोणीतरी शहाणा ‘आज ज्यांचा ज्यांचा वाढदिवस आहे त्या सर्वांना’ असं एकगठ्ठा उरकून टाकतो. यात ग्रहताऱ्यांचा काही हात नाही. ही सगळी गुरुजींची करामत.

बाप पोराला बखोटीला धरून शाळेत आणायचा. गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगायचे. कान हाताला लागला की पोरगं सहा वर्षांचं. मग रजिस्टर उघडायचं आणि जन्मतारखेच्या रकान्यापाशी गाडी अडायची.

“जन्म कधीचा?”

“बेंदराच्या आदल्या दिवशीचा बघा, गुरुजी.”

“कुठल्या सालच्या बेंदराच्या?”

इथे बाप जरा आढ्याकडे बघायचा. सण पक्का ठाऊक, सालाचं मात्र एखाद्या संकटावरून ठरायचं. पानशेत फुटलं ते साल. कोयनेला भूकंप झाला त्याच्या पुढचं. गुरुजी त्यावरून 1961, 1968 असं काहीतरी बसवायचे आणि पुढे एक जून लिहून मोकळे व्हायचे. शाळा जूनमध्ये भरायची, म्हणजे वयाचा हिशेब सोपा आणि तपासणीला आलेल्या साहेबालाही बोलायला जागा नाही. एकदा आकड्यात आणि अक्षरात लिहून खाली सही झाली, की ती तारीख ब्रह्मदेवालाही खोडता यायची नाही.

आमच्या थोरल्या मामांचा जन्म नागपंचमीचा, हे आजी शपथेवर सांगायची. धाकटी दोघं ऐन थंडीतली. दाखल्यावर मात्र तिघंही एक जूनची, फक्त सालं वेगळी. मामांच्या लग्नाच्या वेळी पत्रिकेचा विषय निघाला, तेव्हा भटजींनीच “नावरस बघू”, म्हणजे नुसत्या नावांवरून जुळवू, म्हणून सगळ्यांना सोडवलं. संसार चांगला झाला, त्यामुळे पुढे कोणी चौकशी केली नाही.

बरं, अस्सल एक जूनवालेही आहेत, पण त्यांतल्या नामवंतांत माणसांपेक्षा गाड्याच पुढे. दख्खनची राणी 1 जून 1930 ची. सुरुवातीला तिच्या सात-सात डब्यांच्या दोन गाड्या होत्या, एक रुपेरी अंगावर लाल पट्ट्यांची आणि दुसरी निळी, सोनेरी रेघांची. थाट साहेबी. पहिला आणि दुसरा वर्ग, बस्स. तिसऱ्या वर्गाला तिच्यात जागा मिळायला 1955 उजाडलं. तरी दर एक जूनला पुणे स्टेशनवर पासधारक मंडळी तिला हार घालतात, फलाटावर केक कापतात, आणि सव्वासातचा टोला चुकू नये म्हणून तोंडातला घास तसाच ठेवून डब्यात चढतात. असा वाढदिवस पुणेकर सख्ख्या भावाचाही करत नसतील.

माझं मन मात्र दुसऱ्या गाडीकडे ओढ घेतं. 1 जून 1948 ला अहमदनगरहून (आताच्या अहिल्यानगरहून) पुण्याला लाकडी बॉडीची एक गाडी सुटली, तीच आपली पहिली एस.टी. राणीसारखा डौल तिच्यात कधीच नव्हता. पण गुरुजींनी एक जून लिहून दिलेली पोरं पुढे हायस्कूलला, कॉलेजला, नोकरीच्या मुलाखतीला गेली ती हिच्याच मागच्या बाकावर आदळत. लाल डब्याची जन्मतारीख सरकारदप्तरी दिवसासकट पक्की आणि आतल्या निम्म्या प्रवाशांची अंदाजपंचे!

दख्खनच्या राणीच्या एक वर्ष मागे गेलं तर 1 जून 1929 ला कोल्हापुरात शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांनी प्रभात फिल्म कंपनी काढली, आणि त्याच दिवशी तिकडे कलकत्त्यात नर्गिस जन्मली. दिनविशेष लिहिणाऱ्यांना असल्या जोड्या सापडल्या की मूठभर मांस चढतं. मलाही चढतं. पण त्यातून काही अर्थ काढायला जावं तर हाती धुपाटणं.

मॉन्सूनही हवामान खात्याच्या लेखी एक जूनवालाच, कारण केरळात दाखल होण्याची त्याची सर्वसाधारण तारीख हीच. प्रत्यक्षात 2025 साली स्वारी 24 मेलाच येऊन थडकली आणि दोन दिवसांत मुंबईत. त्याच्याही दाखल्यावर बहुधा आमच्याच गुरुजींची सही असावी. किनाऱ्यावर एक जूनपासून दोन महिने मासेमारी बंद, तेव्हा होड्या वर ओढलेल्या असतात आणि बाजारात सुकटीचा भाव वधारतो. शिवाय जागतिक दूध दिन. तो कोण साजरा करतं, दूधवाल्यालाही विचारून बघितलं, हसला.

या तारखेचा खरा हिसका कळतो तो निवृत्तीला. सरकारी नियम असा की महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्याच महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे 31 मेला शाळा, तहसील, पंचायत समिती सगळीकडे शाल-श्रीफळाची झुंबड. एकाच टेबलामागे चार-चार सत्कारमूर्ती बसलेल्या, आणि भाषण करणारा प्रत्येक वेळी ‘यांची उणीव भासेल’ म्हणताना कागदात डोकावून नाव बघतोय, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आता ही जमात आटत चालली. बाळंतपणं दवाखान्यात होतात, 1969 च्या कायद्याप्रमाणे एकवीस दिवसांत नोंद करायची असते आणि वेळ तर मिनिटासकट लिहिलेली. 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून आधारपर्यंत जन्माचा दाखलाच लागतो. कान धरून वय ठरवायची सोय संपली. बरंच झालं म्हणायचं. नावरसावर भागवायची वेळ तरी कोणावर येणार नाही.

मामा एस.टी.त कंडक्टर होते. 31 मेला त्यांचा निरोप समारंभ झाला. दुसऱ्या दिवशी एस.टी.चा वर्धापनदिन, म्हणून आगारात रांगोळी, गाड्यांच्या नाकावर झेंडूच्या माळा. मामा सवयीने सकाळी तिथे हजर. आगारप्रमुखांनी पेढ्यांचा पुडा पुढे केला. मामांनी दोन उचलले.

“एक एस.टी.चा, एक माझा.”

“अरे वा, मामा, तुमचाही आजच का?”

“कागदावर आज. खरा नागपंचमीला असतो. तेव्हाही येतो.”