आमच्या चिवड्यातले मैद्याचे काजू

माझ्या भाच्याला काजू चालत नाही. दोन वर्षांचा असताना काजूकतलीचा एवढासा तुकडा खाल्ला आणि दहा मिनिटांत ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, रात्री त्याला कडेवर घेऊन कर्वे रोडवरून रिक्षाने हॉस्पिटल गाठलं ते अजून आठवतं. तेव्हापासून काजू बंद आणि पिस्ताही बंद, कारण दोन्ही एकाच कुळातले, एकाची ऍलर्जी असली की बऱ्याचदा दुसऱ्याचीही निघते.

पण दिवाळीत बाकीची पोरं चिवड्यातले काजू वेचून खातात आणि हा नुसता बघत बसतो, ते काही मला बघवेना. मग आईला आठवले तिच्या लहानपणचे मैद्याचे खारे काजू, म्हटलं करूनच बघू.

एक वाटी मैदा, अर्धी वाटी डाळ्याचं पीठ (डाळं भाजलेलं असतं ना, त्याचा खमंगपणा मस्त उतरतो), मीठ, चिमूटभर साखर आणि दोन मोठे चमचे तेलाचं कडकडीत मोहन. घट्ट मळून अर्धा तास झाकून ठेवायचं, मग जाडसर पोळी लाटायची. आता खरी गंमत, पाण्याच्या बाटलीचं झाकण घ्यायचं, पोळीच्या कडेला अर्धंच टेकवून पहिला तुकडा काढायचा, मग झाकण जरा आत सरकवून परत दाबायचं की चंद्रकोर सुटते, हुबेहूब काजू! असंच सरकत जायचं. तळायचे मात्र अगदी मंद आचेवर, मी पहिला घाणा घाईत मोठ्या गॅसवर काढला तर वरून लाल आणि आत मऊ.

डाळं सुटं घेऊ नका. मंडईजवळच्या एका दुकानात काजूच्या पोत्यातलं माप तसंच डाळ्यात घालताना मी स्वतः पाहिलंय, तेव्हापासून पॅकबंदच आणते, तेसुद्धा मागचं लेबल वाचून.

आणि एक गोष्ट बहिणीने विचारली ती फार बरोबर होती, की उद्या हा शाळेत कुणाच्या डब्यातला खरा काजू आपलाच समजून खाईल त्याचं काय? म्हणून आता तळायच्या आधी प्रत्येकावर काट्याने तीन रेघा ओढतो. रेघा असतील तरच आपला, आणि तोही घरातलाच, बाहेर काहीही नाही, हे त्याच्याकडून पाठ करून घेतलंय. परवा माझ्याकडे आला तर वाटीतला एकेक उचलून आधी बोटाने रेघा चाचपत होता, मग तोंडात टाकत होता.