लाइपझिगची शाळा, बडोद्याचं शिवण

ऑगस्टमध्ये माझी लेक पहिलीत जाईल. जर्मनीत शाळेच्या सुरुवातीला प्रत्येक मुलाच्या हातात एक भलामोठा शंकू देतात. आत खाऊ, रंगपेटी, खोडरबर, एखादं पुस्तक, लहानसं खेळणं. त्याचं नाव शूलट्यूटं. ही रीत एकोणिसाव्या शतकात सॅक्सनी आणि थुरिंगिया या भागात रुजली. लाइपझिग सॅक्सनीतच येतं, त्यामुळे आमच्याकडे हा दिवस लग्नघरासारखा असतो. शनिवारी शाळेत सोहळा, परगावाहून आलेले आजी-आजोबा, मग दुपारी सगळ्यांचं जेवण. प्रत्यक्ष वर्ग सोमवारी भरतो. शंकू दुकानात तयार मिळतो, पण पुष्कळ आया तो घरी करतात आणि मलाही तो घरीच करायचा होता.

सध्या मी माहेरी, बडोद्याच्या दांडिया बाजारात आहे आणि हा शंकू आमच्या मधल्या खोलीत सतरंजीवर अर्धा शिवलेला पडलाय. घरी येणारी प्रत्येक जण विचारते, हे काय गं? आणि लगेच दुसरा प्रश्न, नोकरी सांभाळून तुला हे जमतं कधी? पहिल्याचं उत्तर वर आलं. दुसऱ्याचं जरा सविस्तर द्यावंसं वाटतं, कारण तो प्रश्न इथल्या मैत्रिणींचाही आहे.

माझं मत असं झालंय की शिवणाला वेळ फारसा लागत नाही, सलग वेळ लागतो असं आपण धरून बसलेलो असतो. तो सलग वेळ लहान मुलाच्या आईला मिळत नाही. तेव्हा काम असं निवडायचं की कुठल्याही क्षणी खाली ठेवता येईल आणि चार दिवसांनी उचललं तरी काही बिघडणार नाही.

हे मला आजीमुळे कळलं. महाराणी चिमणाबाईंनी १९१४ साली बडोद्यात स्त्री उद्योगालय सुरू केलं, आमची आजी तिथे शिवण शिकली. पण आमच्या आळीत बाळंतविडा तिने एकटीने कधीच शिवला नाही. दुपटी एकीकडे, कुंची दुसरीकडे, झबल्यांचे बंद करणारी तिसरी. लंगोट तर जिला टीपही धड येत नसे तिच्याकडे, कारण त्यात बिघडण्यासारखं काही नव्हतं. दुपारी दोननंतर, उन्हं बाहेर आणि बायका आत. कुणाचं मूल उठलं की ती हातातलं खाली ठेवून जायची आणि शेजारची ते उचलायची. काम असं वाटून घेतलेलं असायचं की कुणा एकीवर ते अडत नसे.

लाइपझिगला शेजारी बसणारं कुणी नाही. म्हणून मी काम माणसांत वाटण्याऐवजी दिवसांत वाटते. एका संध्याकाळी फक्त कापायचं. सगळे तुकडे टाचण्या लावून एका डब्यात. दुसऱ्या दिवशी फक्त इस्त्री करून कडा दुमडायच्या. तिसऱ्या दिवशी मशीन. मशीन एकदा काढलं की सगळ्या सरळ टिपा एकामागून एक मारून घ्यायच्या, मधे दोराही तोडायचा नाही, शेवटी कापायचा. हातशिलाई उरते ती ट्राममध्ये किंवा लेकीच्या पोहण्याच्या वर्गाबाहेर बसून.

या वाटणीला तिथल्या नियमांचाही हातभार लागतो. जर्मनीत रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळायची असते आणि रविवारी दिवसभर. आमची इमारत जुनी, लाकडी जमिनीची, मशीनचा आवाज खालच्या मजल्यावर थेट पोचतो. लेक आठला झोपते. म्हणजे मशीनला आठ ते दहा, तेही जेवणाची आवराआवर झाल्यावर. मशीनखाली मी आईने दिलेली जुनी चौघडी घालते, त्याने आवाज बराच कमी होतो. दहानंतर फक्त सुई-दोरा. सुरुवातीला हा नियम जाचक वाटला होता, आता वाटत नाही. दहाला मशीन बंद होतं म्हणून मी अकराला झोपते.

काय शिवायचं नाही, तेही सांगते. फ्रॉक शिवायचा नाही. चेन, काजं, बाह्या, अस्तर, एवढं करून होईपर्यंत मूल दोन इंच वाढतं. त्यापेक्षा रोज हातात येईल आणि सरळ टिपेत होईल असं काहीतरी. तिथल्या बालवाडीत आणि शाळेत व्यायामाच्या कपड्यांना नाडीची पिशवी लागते. ३५ बाय ४५ सेंटिमीटरचे दोन तुकडे, तीन बाजूंनी टीप, वरून चार सेंटिमीटर दुमडून नेफा, दोन्ही बाजूंनी नाडी. शिकाऊ हातालाही तासाभरात होते. लेकीच्या पिशवीवर तिचं नाव साखळी टाक्याने आहे, देवनागरीत एका बाजूला आणि रोमन लिपीत दुसऱ्या बाजूला. नाव सगळ्याच वस्तूंवर लागतं, टोपीपासून घरातल्या चपलेपर्यंत, त्यामुळे मी सुती फितीवर ओळीने नावं भरून ठेवते आणि लागेल तशी कापून लावते.

आता कापड. तिथे चांगलं छापील सुती कापड मीटरला दहा-पंधरा युरो पडतं. आणि इथे आपल्या प्रत्येकीच्या कपाटात ओटीत आलेल्या ब्लाउजपीसचा ढीग असतो. ते कुणी शिवत नाही, पुढच्या हळदीकुंकवाला पुढे सरकवतात. या खेपेला मी मावशीला, काकूंना, शेजारच्या वहिनींना सांगून ठेवलं होतं, सुती असेल ते मला द्या. सिंथेटिक ओळखायला अवघड नाही, पाण्याचा थेंब टाकला की सुती कापड तो चटकन पितं.

मात्र कापायच्या आधी कापड धुवायलाच हवं. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, हातमागाचं तर जास्तच. आणि आपल्याकडचे ठशांचे रंग, विशेषतः लाल आणि निळा, पाण्यात सुटतात. इथे आपण बादलीत गार पाण्यात वेगळं धुतो म्हणून चालून जातं. तिथे सगळे कपडे एकत्र, चाळीस अंशांवर, कधी साठ अंशांवर फिरतात. म्हणून प्रत्येक तुकडा वेगवेगळा भिजवायचा, पाणी निवळ येईपर्यंत. आईच्या गच्चीवर मे महिन्यात ते अर्ध्या तासात वाळतात, लाइपझिगच्या स्नानघरात दोन दिवस लागतात. हे काम मी कायम बडोद्यातच उरकते.

आता शंकूकडे येते. पश्चिमेकडच्या जर्मनीत तो बहुतेक गोल असतो, आमच्या पूर्वेकडे सहा बाजूंचा आणि उंच, साधारण ८५ सेंटिमीटरचा. आत पुठ्ठ्याचा सांगाडा असतो, तो तिथे कोरा मिळतो. मी त्याची मापं घेऊन आले. पुठ्ठा बॅगेत येणार नाही, कापड घडी होऊन येतं. सहा बाजू म्हणजे सहा लांबट त्रिकोण. वर १२ सेंटिमीटर, खाली टोक, लांबी ८५, आणि दोन्ही कडांना एकेक सेंटिमीटर शिलाईसाठी जास्त. सहा त्रिकोण म्हणजे सहा वेगळी कापडं, हे मनात आलं आणि मी लगेच फोन लावले. एक आईचं, एक मावशीचं, एक काकूंचं, एक वहिनींचं, एक आजीच्या जुन्या सुती लुगड्याचं, आणि एक लेकीने स्वतः मंगळबाजारात निवडलेलं, पिवळ्यावर हिरवे पोपट.

ब्लाउजपीस ८० सेंटिमीटरचा असतो, त्यात ८५ लांबी मावत नाही. मी हिरमुसले होते, पण मावशीने कापड फिरवून दाखवलं. “अगं, पन्हा बघ ना! पन्हा नव्वदच्या वर आहे.” आडवं कापलं की झालं. आडव्या कापडाला थोडा ताण येतो, म्हणून प्रत्येक त्रिकोणाला मागून पातळ बकरम, म्हणजे कापड ताठ ठेवणारं अस्तर, इस्त्रीने चिकटवलं. न्यायमंदिराजवळ ज्या दुकानातून आई फॉल-बिडिंगचं सामान घेते तिथे ते मीटरवर मिळालं.

परवा दुपारी सगळ्या जमल्या. आईने कापलं, मी इस्त्री केली, वहिनींनी आईच्या पायमशीनवर टिपा मारल्या. काकूंची नजर आता मशीनला पुरत नाही, त्यांनी आपल्या त्रिकोणावर आरसे भरायला घेतले. नवरात्रीच्या चणियाचोळ्या त्यांनी पूर्वी खूप भरल्यात, आरशाभोवतीचा टाका त्यांचे हात न बघताही घालतात. शंकू धुवायचा नसतो, म्हणून आरशांना मी हो म्हटलं. रोजच्या पिशवीवर मी ते लावू देणार नाही, तिथल्या धुलाईत काच फुटेल.

“यात तर पाच किलो चिवडा मावेल,” काकू म्हणाल्या.

“चिवडा नाही गं आजी, चॉकलेट,” लेक म्हणाली.

“दोन्ही भरू. वर चॉकलेट, खाली चिवडा.” असं ठरलंय. चिवडा इथूनच जाणार आहे.

एक तांत्रिक गोष्ट, कुणी करून बघणार असेल तर. सहाही शिलाया टोकाशी एकत्र येतात आणि तिथे गाठ जाड होते, मशीनची सुई मोडते. म्हणून शेवटचे तीन सेंटिमीटर टीप मारायचीच नाही. आतल्या कडा कातरून बारीक करायच्या, टोक हाताने आवळायचं आणि वर लोकरीचा गोंडा लावायचा. तोंडाला जाळीच्या कापडाची वीतभर झालर आणि साटीनची फीत. शाळेचा दिवस झाला की पुठ्ठा काढून आत कापूस भरतात आणि मुलं ती उशी म्हणून वापरतात. माझ्या मते कापडाचा शंकू करण्याचं खरं कारण हेच. कागदाचा शंकू माळ्यावर जातो. ही उशी तिच्या पलंगावर राहील आणि कुठला त्रिकोण कुणाचा हे तिला आत्ताच पाठ आहे.

उरलेल्या कापडातून डिसेंबरची सोय होते. तिथे १ ते २४ डिसेंबर मुलं रोज एक छोटी भेट उघडतात, नाताळची वाट बघत. त्यासाठी चोवीस लहान बटवे लागतात. एका ब्लाउजपीसमधून १२ बाय ३२ च्या चौदा पट्ट्या निघतात, पन्ह्यात सात आणि लांबीत दोन. दोन ब्लाउजपीसमध्ये चोवीस होऊन चार उरतात. पट्टीची दोन्ही अरुंद टोकं दुमडून शिवायची, मग पट्टी मधोमध मोडून दोन्ही बाजूंना टीप. वर दोरी बांधायची, नेफ्याच्या भानगडीत पडायचं नाही. रात्री चार-चार केले तरी आठवड्यात होतात, आणि दरवर्षी तेच वापरता येतात. आत मी आवळा सुपारी, एखादं बटण, लेकीच्या आजीने फोनवर सांगितलेल्या कोड्याची चिठ्ठी, असंही घालते. रोज विकतची वस्तू घातलीच पाहिजे असं नाही.

११ नोव्हेंबरला सांक्ट मार्टिनचा, म्हणजे संत मार्टिनच्या सणाचा, कंदील. त्यात शिवण नाही, पण बडोद्याचा वाटा आहे. मुलं संध्याकाळी कंदील घेऊन गाणी म्हणत मिरवणुकीने जातात. फुगा फुगवायचा, त्यावर पतंगाच्या कागदाचे फाडलेले तुकडे मैद्याच्या खळीने तीन-चार थरांत चिकटवायचे, दोन दिवस वाळवायचं, फुगा फोडायचा, वरची कड कापून तार लावायची. आत बॅटरीचा दिवा. उत्तरायणानंतर आपल्याकडे पतंगाचे ताव उरतातच, भाऊ ते माझ्यासाठी गुंडाळून ठेवतो. त्या कागदातून दिव्याचा रंग फार छान येतो, किटामधल्या, म्हणजे तिथल्या बालवाडीतल्या, दोन आयांनी पुढच्या वर्षासाठी माझ्याकडे ताव मागितलेत.

पोट दुखलं की मुलांना तिथे चेरीच्या बियांची गरम पिशवी देतात. मी गव्हाची करते, २० बाय २० ची, पाऊण भाग भरून. मायक्रोवेव्हमध्ये मिनिट-दीड मिनिट पुरतं, आणि मुलाच्या अंगाला लावायच्या आधी आपल्या मनगटावर धरून बघायची. कापड आणि दोरा दोन्ही सुतीच हवेत, धातूचं बटण किंवा जरीची कड अजिबात नको, ती मायक्रोवेव्हमध्ये ठिणग्या काढते.

परदेशात असलेल्या मैत्रिणींनी इथून मशीनच्या सुया नेल्या तर चालतात का, असं एकीने विचारलं होतं. घरगुती मशीन असेल तर चालतात. आपल्या पाकिटावर एचए×१ किंवा १५×१ लिहिलेलं असतं, जर्मन पाकिटावर तीच सुई १३०/७०५ एच म्हणून येते. नंबरही जुळतो, आपली १४ म्हणजे त्यांची ९०. साध्या सुती कापडाला १४, मलमलीला १२, आणि शंकूसारख्या बकरम लावलेल्या कामाला १६ घ्या. मी मांडवीतून दोन-तीन पाकिटं नेतेच, सोबत काजांचा दोरा आणि नाडी ओवायची बोथट सुई.

शंकूवर आता नाव भरायचं राहिलंय. ते काकूंना करायचंय, पुढच्या गुरुवारी त्यांच्या मोतीबिंदूची तपासणी आहे, तिच्या आधी.