जाहिरातीत गट नंबर नसेल तर पुढे जाऊ नका

"लेक व्ह्यू, रोड टच, पुण्यापासून 45 मिनिटे, 11 गुंठे, 7/12 नावावर, कर्जाची सोय." अशा जाहिराती फेसबुकवर, प्रॉपर्टी पोर्टलवर, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज येतात. ड्रोनचा व्हिडिओ असतो, हिरवा डोंगर असतो. गावाचं नाव मात्र बहुतेक वेळा नसतंच. "मुळशीजवळ" किंवा "अलिबाग बेल्ट" एवढ्यावर भागवलेलं असतं. जमीन घेणाऱ्याला हवे असतात चारच तपशील: जिल्हा, तालुका, गाव आणि हिश्श्यासकट गट नंबर (कोकणात बऱ्याच ठिकाणी सर्व्हे नंबर). हे चार मिळाले की निम्मी तपासणी घरबसल्या आणि जवळपास फुकटात होते. "आधी साईट व्हिजिट करा, कागद ऑफिसात दाखवू" असं उत्तर आलं, तर गाडीत बसू नका. ज्याचे कागद स्वच्छ आहेत, त्याला गट नंबर सांगायला काहीच अडचण नसते.

आता जाहिरातीतले शब्द बघू. "11 गुंठे" हा आकडा इतक्या वेळा दिसतो, त्यामागे तुकडेबंदी कायदा आहे, म्हणजे शेतीचे ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडे पाडायला मनाई. ऑगस्ट 2023 पासून राज्यातल्या बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीचं प्रमाणभूत (म्हणजे किमान) क्षेत्र 20 गुंठे आणि बागायतीचं 10 गुंठे आहे. म्हणजे मोठ्या गटातून 11 गुंठे तोडून विकायचे, तर ती जमीन बागायत असली पाहिजे. डोंगरउतारावरच्या जिरायतीतून असा तुकडा वेगळा होत नाही. मग विक्रेता "सामाईक सातबारा" पुढे करतो: पाच-सात अनोळखी लोकांची नावं एकाच उताऱ्यावर आणि प्रत्येकाचा वाटा फक्त कागदावर. नाव लागतं, पण तुमचा तुकडा नेमका कोणता हे कुठेच नोंदलेलं नसतं. पुढे एकानं कुंपण घातलं की वाद, एकानं कर्ज काढलं की त्याचा बोजा सगळ्यांच्या उताऱ्यावर दिसतो, आणि आपला हिस्सा विकायचा तर गिऱ्हाईक मिळत नाही. 2025 मध्ये शहरी हद्दीतल्या आणि गावठाणालगतच्या जुन्या तुकड्यांना सवलती देण्याचे निर्णय झाले. एजंट तेच सांगून दूरच्या शेतीतला तुकडाही गळ्यात मारतात, म्हणून ती सवलत त्याच गटाला लागू आहे का, हे दुय्यम निबंधकाकडे विचारा.

"एनए", म्हणजे बिनशेती, हा दुसरा शब्द. बिनशेती झाली असेल तर आदेश किंवा सनद असते, मंजूर रेखांकन असतं आणि सातबाऱ्यावर त्याची नोंद असते. "एनए प्रपोज्ड", "एनए इन प्रोसेस" याचा अर्थ आज ती शेतजमीन आहे, एवढाच घ्यायचा. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला शेतकरी असावं लागतं. कूळकायद्याचं कलम 63 तेच सांगतं. बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. परदेशात राहणाऱ्या अनिवासी मराठी मंडळींनी तर फार्महाऊसच्या जाहिराती बाजूलाच ठेवाव्यात. शेतजमीन, फार्महाऊस आणि मळे त्यांना वारशानं मिळू शकतात, पण फेमा या परकीय चलनाच्या कायद्याप्रमाणे विकत घेता येत नाहीत.

मोठी जागा घेऊन आठाहून जास्त प्लॉट पाडून विकणं चाललं असेल, तर महारेराची (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाची) नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक नसलेली जाहिरातच बेकायदा, आणि 1 ऑगस्ट 2023 पासून जाहिरातीत क्यूआर कोडही बंधनकारक आहे. तो स्कॅन केला की थेट महारेराच्या साइटवर त्या प्रकल्पाचं पान उघडलं पाहिजे. कोड बिल्डरच्या स्वतःच्या साइटवर नेत असेल, तर तो क्यूआर कोड असून नसल्यासारखा. महारेराच्या पानावर मंजूर आराखडा, वकिलाचा टायटल रिपोर्ट, बोजे आणि चालू दावे टाकलेले असतात. ते उघडून वाचा, कारण बहुतेक लोक क्रमांक आहे एवढं बघूनच थांबतात. "हे फार्म प्लॉट आहेत, यांना रेरा लागत नाही" असं कोणी म्हणालं, तर तोच माणूस ही शेतजमीन असल्याचं कबूल करतोय. मग तुकडेबंदी आणि कलम 63 दोन्ही लागू. दोन्हीकडून सुटका मागता येत नाही. आणि रेरातल्या प्रकल्पात नोंदणीकृत करारनामा होईपर्यंत किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम मागताच येत नाही.

गट नंबर हातात आला की आधी सातबारा. महाभूलेख या सरकारी साइटवर तो फुकट दिसतो: विभाग, जिल्हा, तालुका, गाव निवडायचं, गट नंबर, मोबाइल नंबर, कॅप्चा. हा उतारा माहितीपुरता. कायदेशीर कामाला डिजिटल स्वाक्षरीचा लागतो, तो 15 रुपयांत वेगळ्या साइटवर मिळतो. त्याच्या तळाशी पडताळणी क्रमांक असतो. विक्रेत्यानं पीडीएफ पाठवली, तर तो क्रमांक साइटवर टाकून तीच प्रत उघडते का ते बघा. पीडीएफमध्ये नाव बदलणं हे पाच मिनिटांचं काम आहे, म्हणून पाठवलेल्या प्रतीवर विसंबण्यापेक्षा पंधरा रुपये खर्च करून स्वतः काढलेली बरी.

उतारा वाचताना मालकाच्या नावाआधी भूधारणा पद्धती बघा. "भोगवटादार वर्ग 1" असेल तर विकायला सहसा आडकाठी नाही. "वर्ग 2" म्हणजे विक्रीवर बंधन: वतनाची, सरकारनं दिलेली, कुळानं मिळवलेली जमीन, आणि परवानगीशिवाय व्यवहार झाला तर जमीन सरकारजमा होण्यापर्यंत प्रकरण जातं. मग क्षेत्र. सातबाऱ्यावर हेक्टर, आर (100 चौरस मीटर), चौरस मीटर असतं, जाहिरातीत गुंठे. एक गुंठा 1,089 चौरस फूट, म्हणजे 101.17 चौरस मीटर. 11 गुंठे उताऱ्यावर 0.11.13 असे दिसले पाहिजेत. आर आणि गुंठा एकच धरून चालणारे एजंट पुष्कळ आहेत, आणि त्यात एकरामागे अर्ध्या गुंठ्याच्या आसपास फरक पडतो. त्याखाली पोटखराबा असतो: नाला, खडक, लागवडीला निरुपयोगी भाग. पैसे त्याचेही द्यावे लागतात, म्हणून तो किती आणि कुठे हे आधी माहीत हवं.

उजवीकडचा "इतर हक्क" रकाना मात्र सावकाश, शब्द न शब्द वाचावा. सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा, कुळाचं नाव, विहिरीतला हिस्सा, "36 अ ला पात्र" (आदिवासी खातेदाराची जमीन, परवानगीशिवाय हात लावू नये), भूसंपादन, "खाजगी वने", "पुनर्वसनासाठी राखीव" असे शेरे इथेच असतात. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गात खाजगी वनांचा शेरा खास शोधा. 1975 च्या कायद्यानं अशा जमिनी सरकारकडे गेल्या, आणि कित्येक उताऱ्यांवर जुन्या मालकाचं नाव तसंच राहिलं. नावाच्या रकान्यात "ए.कु.मॅ." म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर दिसला, की मागे भाऊ-बहिणींचे हक्क आहेत असं समजायचं. "अ.पा.क." म्हणजे अज्ञानाचा (अल्पवयीनाचा) पालनकर्ता, त्या अज्ञानाचा हिस्सा विकायला जिल्हा न्यायालयाची परवानगी लागते आणि ती बहुधा घेतलेली नसते. बहिणींची नावं वारसनोंदीत आहेत का आणि नंतर कशी गेली, हेही बघा. हक्कसोडपत्र नोंदणीकृत नसेल, तर तो हक्क सुटलेलाच नाही.

नव्या नमुन्यात शेवटच्या फेरफाराचा, म्हणजे हक्कातल्या बदलाच्या नोंदीचा, क्रमांक आणि "प्रलंबित फेरफार" दिसतो. प्रलंबित असेल तर थांबा. असलेला प्रत्येक फेरफार मागे मागे वाचत जायचा, निदान तीस वर्षं. जुने हस्तलिखित फेरफार काही जिल्ह्यांत "आपले अभिलेख"वर स्कॅन केलेले मिळतात, नाहीतर तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये नकलेचा अर्ज.

इथवर आल्यावर बहुतेकांना वाटतं की तपासणी झाली. सगळ्यात जास्त फसवणूक होते ती इथेच. सातबारा महसूल खात्याचा, खरेदीखताची नोंद नोंदणी व मुद्रांक विभागाची, नकाशा आणि मोजणी भूमी अभिलेखाची, दावे न्यायालयाकडे. गेल्या महिन्यात विकून टाकलेली जमीन आजच्या सातबाऱ्यावर अजून जुन्याच मालकाची दिसू शकते. खरेदीखत झालेलं असतं, फेरफार व्हायचा असतो, आणि त्या फटीत तीच जमीन दुसऱ्यांदा विकली जाते. उलट वारसाहक्कानं आलेलं नाव नोंदणी विभागाकडे कधीच दिसणार नाही. म्हणून नोंदणी विभागाचं ई-सर्च, म्हणजे नोंदलेले दस्त ऑनलाइन शोधायची साइट, टाळून चालत नाही.

तिथे मुंबई, उर्वरित महाराष्ट्र असे भाग आहेत. मुंबईबाहेरच्या नोंदी साधारण 2002 पासूनच्या मिळतात. वर्ष एकेक निवडावं लागतं, जिल्हा, तहसील, गाव, मिळकत क्रमांक, कॅप्चा. बरेचदा पहिला कॅप्चा बरोबर टाकूनही नाकारला जातो आणि दुसरा टाकल्यावर यादी येते. साइट बंद आहे असं समजून सोडू नका. सूची क्रमांक 2 (दस्ताचा थोडक्यात गोषवारा) वेगळ्या खिडकीत उघडते, त्यामुळे ब्राउझरचा पॉपअप ब्लॉकर आधी काढा. "काही आढळले नाही" हे उत्तर आलं तरी खात्री धरू नका. दस्त नोंदवताना कारकुनानं गट नंबर सर्व्हेच्या रकान्यात, किंवा 45/2/अ ऐवजी 45/2अ, असा टाकलेला असतो. फक्त मूळ आकडा टाकून पुन्हा शोधा. एकत्रीकरण (विखुरलेले तुकडे जोडून गट पाडणं) झालेल्या गावात जुना सर्व्हे नंबरही टाकून बघा. तो कोणता, हे एकत्रीकरणाच्या 9(3), 9(4) च्या उताऱ्यातून कळतं. सूची 2 मध्ये साठेखत, कुलमुखत्यारपत्र, भाडेपट्टा आणि गहाणखतही दिसतात. विक्रेता मुखत्यार असेल, तर ते मुखत्यारपत्र रद्द झाल्याचा दस्त आहे का, तेही इथेच सापडतं. दावे ई-कोर्ट्सवर पक्षकाराच्या नावानं शोधा. प्रांत आणि तहसीलदारांपुढची महसुली प्रकरणं मात्र वेगळ्या साइटवर.

या साइट्स उपयोगाच्या आहेत, आणि वीस वर्षांपूर्वी तलाठ्याच्या मागे फिरावं लागायचं ते बघता मोठीच सोय आहे. पण ज्या माणसासाठी त्या आहेत, त्याचा विचार केलेला दिसत नाही. शेतकरी मोबाइल वापरतो. पानं संगणकाच्या रुंदीची. नावानं शोधायचं तर ऱ्हस्व-दीर्घ नेमकं जुळलं पाहिजे, आणि चुकलं तर चूक कुठे झाली हे सांगितलं जात नाही. त्याच गावाचं स्पेलिंग एका खात्याकडे एक, दुसऱ्याकडे दुसरं. एका गटाला एक कायमचा पत्ता हवा, जिथे सातबारा, फेरफार, सूची 2, नकाशा आणि दावे एकाखाली एक दिसतील. सातबाऱ्यावर भू-आधार क्रमांक, म्हणजे जमिनीचा स्वतंत्र ओळख क्रमांक, आलेला आहे. त्याच्यावरच हे उभं करता येईल. तोवर हे सांधण्याचं काम खरेदीदारालाच करावं लागतं, आणि ज्याला ते जमत नाही त्याचाच पैसा बुडतो. यात गरीब आणि गावाबाहेर राहणारे सगळ्यात आधी भरडतात, म्हणून हा प्रश्न निव्वळ गैरसोयीचा नाही.

आणखी एक: गूगलवर "सातबारा" शोधलं की वर खासगी साइट्स येतात, नावं आणि बोधचिन्हं सरकारी वाटतील अशी. तिथे मोबाइल नंबर दिला की एजंटांचे फोन सुरू होतात. पत्त्याच्या शेवटी "डॉट जीओव्ही डॉट इन" नसेल तर काही भरू नका.

कागद जुळले, तर इसार देण्याआधी वकिलाकडून वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आणि भूमी अभिलेखाकडे मोजणीचा अर्ज. अर्ज जमीनमालकाच्या नावानंच होतो, म्हणून तो विक्रेत्याकडून करून घ्यायचा आणि तशी अट इसारपावतीत लिहून घ्यायची. महाभूनकाशावर गटाचा आकार आणि शेजारचे गट दिसतात, पण तो नकाशा जागेवरच्या बांधाचा पुरावा होत नाही. "रोड टच" रस्ता गावनकाशात आहे का, की कोणाच्या तरी खासगी बांधावरून जातो, हे मात्र त्यावरून लगेच कळतं. खासगी असेल तर वहिवाटीचा हक्क दस्तात लिहून घ्या.

खरेदीखताच्या दिवशी सकाळी सातबारा आणि ई-सर्च पुन्हा एकदा काढा. मुद्रांक शुल्क वार्षिक मूल्यदर तक्त्यातली किंमत आणि ठरलेली किंमत यातल्या जास्त रकमेवर. नोंदणी फी 1 टक्का, जास्तीत जास्त 30,000 रुपये. दस्त झाला की फेरफाराची सूचना ऑनलाइन तलाठ्याकडे जाते, नोटीस निघते, हरकतीला 15 दिवस असतात आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. हे सगळं "आपली चावडी" या सरकारी साइटवर गावनिहाय दिसतं. नोंद प्रमाणित होऊन तुमच्या नावाचा डिजिटल सातबारा हातात येईपर्यंत दर आठवड्याला तिथे बघत राहा, आणि हरकत आली तर त्याच दिवशी तहसील गाठा.