चाकाच्या सालीवरच्या रेघा

ट्रकमधून तीन चाकं उतरली तेव्हा मी चलन हातात घेऊन वजनकाट्यापाशीच उभा होतो. पार्मिज्यानो रेज्ज्यानो या कडक इटालियन चीजचं अख्खं चाक आमच्या स्टोअरमध्ये पहिल्यांदाच येत होतं. चलनावर तिन्ही चाकांपुढे 40 किलो असा गोल आकडा लिहिलेला. काट्यावर पहिलं चाक भरलं 38 किलो 600 ग्रॅम, बाकीची दोनही चाळिशीच्या आतच. चीज मुरत जातं तसं त्यातलं पाणी उडतं आणि वजन घटतं, त्यामुळे पैसे काट्यावरच्या वजनाचेच देणार, हे मी ऑर्डरमध्ये आधीच लिहून घेतलं होतं. तिथे वाद झाला नाही. वाद झाला तो सालीवरून.

मी एका केटरिंग किचनची खरेदी बघतो. महिन्याला आम्हाला साधारण 60 किलो कडक इटालियन चीज लागतं. कित्येक महिने आम्ही किसलेल्या चीजच्या मोठ्या पिशव्या घेत होतो, कारण किलोचा भाव सगळ्यात कमी दिसायचा. पण पिशवी उघडल्यावर आठवड्यात कीस कोरडा पडायचा, वास उडून जायचा आणि शेफ सॉसमध्ये दुप्पट टाकायचे. शिवाय किसलेल्या पार्मिज्यानोमध्ये 18 टक्क्यांपर्यंत साल चालते, असा नियमच आहे. म्हणजे 10 किलो कीस घेतला तर त्यात 1 किलो 800 ग्रॅमपर्यंत साल असू शकते, आणि पैसे चीजच्याच भावाने. व्हॅक्यूम पॅक केलेले किलो-किलोचे तुकडे चांगले असतात, पण कापणं, पॅकिंग, लेबल हे सगळं त्यांच्या भावात चढतं. न कापलेलं चाक मात्र कोल्ड रूममध्ये महिनोन् महिने नीट राहतं; घाई सुरू होते ती सुरी लागल्यावर. म्हणून आणखी दोन किचनना सोबत घेतलं आणि तीन चाकं मागवली. कोटेशनमध्ये लिहिलं होतं, 24 महिने मुरवलेलं. भाव इतरांपेक्षा चांगलाच खाली होता. तेव्हाच मी जास्त प्रश्न विचारायला हवे होते.

चाकाच्या कडेवर ठिपक्याठिपक्यांनी नाव उमटवलेलं असतं. चीज ताजं असताना साच्यातच ते उठतं, सोबत डेअरीचा नंबर आणि उत्पादनाचा महिना-वर्ष. मी आधी महिना शोधला आणि बोटांवर मोजला. चौदा महिने होत होते. पुन्हा मोजले, तेच. मग कडेवरून हात फिरवताना ठिपक्यांवरून आडव्या गेलेल्या रेघा बोटांना लागल्या. समांतर, चाकाला पूर्ण वळसा घालून गेलेल्या. उरलेल्या दोन चाकांवरही त्याच.

या रेघांचा अर्थ मला वाचून माहीत होता, प्रत्यक्ष बघितल्या त्या दिवशीच. बारा महिने झाले की प्रत्येक चाकाची तपासणी होते. तपासणारा माणूस लहान हातोडीने चाकावर जागोजागी ठोकतो आणि आवाज ऐकतो. आत फट किंवा पोकळी असेल तर आवाज बदलतो. ज्यात असा किरकोळ दोष सापडतो पण चव बिघडलेली नसते, ते चाक दुसऱ्या प्रतीत जातं. त्याला मेत्सानो म्हणतात, आणि ओळखू यावं म्हणून सालीवर अशा रेघा मारतात. ते फार मुरवण्यासाठी नसतं, लवकर वापरायचं असतं. दोष मोठा असेल तर सालीवरचं नावच खरवडून काढतात.

शेफनी रेघा बघितल्या आणि म्हणाले, "तिन्ही परत पाठवा. आत्ताच्या आत्ता."

मी सप्लायरला फोन लावला. त्यांचं म्हणणं, चाक खरं आहे, नाव खरं आहे, मग तक्रार काय? मी म्हटलं, "चाक खरंच आहे हो, पण तुम्ही 24 महिने लिहिलंत आणि सालीवर 14 आहेत. रेघांबद्दल एक अक्षर लिहिलं नाहीत." सालीचे फोटो पाठवल्यावर त्यांचा आवाज खाली आला. शेवटी ठरलं ते असं: दोन चाकं परत, एक आम्ही ठेवून घ्यायचं आणि त्याचा भाव दुसऱ्या प्रतीचा लावायचा. शेफना हे पटलं नव्हतं. मी म्हटलं, "फोडून बघू या. एका चाकामागे साधारण 550 लिटर दूध गेलंय, शेफ. चाखल्याशिवाय नको म्हणायला मन होत नाही."

थंडगार चाक फोडलं तर वेडंवाकडं फुटतं, म्हणून संध्याकाळपर्यंत बाहेर ठेवलं. मग शेफनी मधोमध एक रेघ आखली, वरून, दोन्ही कडांवरून आणि खालून, आणि त्या रेघेवर साल सेंटीमीटरभर खोल चिरत नेली. बदामाच्या आकाराच्या दोन आखूड सुऱ्या रेघेच्या दोन टोकांना रोवल्या, एक मध्ये. कापायचं नाहीच, हळूहळू उचकटायचं. बराच वेळ काहीच होईना. मग आतून एक दबका आवाज आला आणि चाक दोन भागांत उलगडलं. दगड फुटावा तसा खडबडीत, दाणेदार पृष्ठभाग. स्टोअरभर वास पसरला आणि मसाल्याच्या रॅकपाशी असलेली मुलं आपणहून इकडे आली.

फुटलेल्या भागात वरच्या बाजूला बोटभर लांबीची फट होती आणि तिच्याजवळ चार-पाच बारीक छिद्रं. हातोडीवाल्याने कानाने जे ऐकलं होतं ते आम्ही आता डोळ्यांनी बघत होतो. शेफनी मधला तुकडा तोडून तोंडात टाकला. दुधाची गोडसर चव अजून टिकून होती, शेवटी हलका आंबूसपणा. दाताखाली येणारे पांढरे कण, टायरोसिन नावाच्या अमिनो आम्लाचे, जुन्या चीजमध्ये भरपूर असतात, इथे जेमतेम. ते दुसरा तुकडा तोडत म्हणाले, "पातळ काप काढून प्लेटवर ठेवायला हे नको. किसायला, सॉसला मात्र उत्तम आहे."

आमचा तीन-चतुर्थांश वापर किसण्याचाच. इतके दिवस मी सगळ्या कामांसाठी एकच चीज शोधत होतो, तीच चूक होती. आता शिजवण्यासाठी मेत्सानो मिळालं तर ते, नाहीतर ग्राना पादानो, पार्मिज्यानोसारखंच कडक इटालियन चीज. ते 9 महिने मुरवलेलंही मिळतं आणि बहुतेक वेळा स्वस्त पडतं. 24 महिन्यांचं पार्मिज्यानो फक्त कापांपुरतं. पेकोरिनो रोमानो मेंढीच्या दुधाचं आणि चांगलंच खारट, ते लागतंच थोडं. ही तिन्ही चीजं प्राण्यांच्या रेनेटवर, म्हणजे प्राण्यांच्या जठरातून काढलेल्या दूध साकळवणाऱ्या द्रव्यावर, बनतात, हे मेन्यूवर स्पष्ट लिहायला मी त्याच आठवड्यात लावलं. शाकाहारी माणसाला ते जेवणाआधी कळलंच पाहिजे.

ऑर्डरच्या फॉर्मवर दोन ओळी वाढल्या: सालीवरचा उत्पादनाचा महिना-वर्ष, आणि माल निघण्याआधी कडेचा चारही बाजूंनी फोटो.

ते चाक अठरा दिवस पुरलं. साली मी वेगळ्या ठेवायला सांगितल्या होत्या. शेवटच्या दिवशी काट्यावर ठेवल्या तर 3 किलो 400 ग्रॅम भरल्या. साल म्हणजे वाळलेलं चीजच, तिला मेणाचा लेप नसतो, म्हणून शेफनी त्या खरवडून, धुऊन सूपच्या मोठ्या पातेल्यात सोडल्या. तळाशी गेलेल्या एका तुकड्यावरचे ठिपके आणि रेघा उकळी फुटेपर्यंत दिसत होत्या.