कोल्हापूरचा पाहुणा, दोन दारांची खोली

मे महिन्यात घरी आलो तेव्हा रंकाळ्याजवळ गाडी घसरली, मनगट मोडलं, प्लेट बसवली, तीन दिवस दवाखान्यात. निम्मी पेठ बघायला येऊन गेली असेल. कॉटवर माझ्या पायाशी दोघं बसलेले, मामा बँडेज दाबून "दुखतंय काय रं?" विचारतोय आणि त्याच हातानं डब्यातली भाकरी मोडून देतोय. बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

नेदरलँड्समधल्या युट्रेक्टला परत आलो आणि आठवड्यात टाके लाल, पू यायला लागला. इथल्या हॉस्पिटलात पहिलाच प्रश्न, गेल्या दोन महिन्यांत परदेशात ॲडमिट होता का? हो म्हटलं आणि थेट वेगळ्या खोलीत. एक दार बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, येईल तो गाऊन, मास्क, ग्लोव्हज घालून. काडीनं नाक, घसा, जखम आणि जिथलं नाव इथं लिहीत नाही तिथलाही नमुना घेतला. डोकंच फिरलं राव, वाळीत टाकल्यासारखं, म्हटलं भारतातनं आलोय म्हणून चाललंय हे सगळं.

नर्सला तसं बोलून दाखवलं तर म्हणाली, आमच्या डुकरं पाळणाऱ्या शेतकऱ्यांनाही असंच ठेवतो. म्हणजे मी त्या पंगतीत! दोघांकडेही शोधतात ते एमआरएसए, पू करणाऱ्या नेहमीच्या स्टॅफ नावाच्या जंतूचीच मेथिसिलिन या अँटिबायोटिकला दाद न देणारी जात. औषध 1959 ला आलं आणि 1961 ला इंग्लंडात त्याला न जुमानणारा जंतू सापडलासुद्धा.

माझ्यात एमआरएसए निघाला नाही, जखमेत साधा स्टॅफ होता, फ्लुक्लॉक्सासिलिन या औषधानं जखम वाळली. पण पोटात ईएसबीएलवाले, म्हणजे बरीच अँटिबायोटिकं निकामी करणारे जंतू निघाले. डॉक्टर म्हणाले घाबरू नका, औषध लागत नाही, बऱ्याच जणांचं महिन्याभरात आपोआप जातं. डच प्रवाशांवरचा 2017 चा एक अभ्यास आहे, दक्षिण आशियात नुसतं फिरून आलेल्यांपैकी 75 टक्के लोक हे जंतू पोटात घेऊन आले होते. दवाखान्याची पायरीही न चढता!

हे जंतू एक एन्झाईम सोडतात, ते सेफिक्झिमसारखी अँटिबायोटिकं तोडून टाकतं. म्हणजे आपण सेफिक्झिम घेतली की पोटातले गरीब जंतू मरतात आणि ह्यांना रान मोकळं. आणि कोल्हापूरच्या दवाखान्यातनं मला घरी जाताना दिलेली गोळी तीच, सेफिक्झिम. पाकिटावर लाल रेघ, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही; 2014 पासून ही गोळी शेड्यूल एच-वन या सरकारी यादीत, दुकानदारानं चिठ्ठी बघून रजिस्टरला नोंद करायची असते. मी नुसतं नाव सांगून आणखी एक पाकीट आणलं होतं, जवळ असावं म्हणून.

रात्री आईचा फोन. "एकटाच हाईस? मग जेवाण कोण देतंय?" आवाज बसलेला वाटला म्हणून विचारलं, तर घसा धरलाय म्हणे, "तुझ्या ऱ्हायलेल्या गोळ्या घेतल्या दोन." ओरडलो तिच्यावर, लाल रेघ दिसली नाही काय?

"दिसली की. मग काय चांगल्या गोळ्या उकिरड्यावर टाकू व्हय?"