राखीव मेमरी, चार ओळी आणि आबांची बादली

भट्टीवरच्या आमच्या पेटीच्या कोडची दुरुस्ती दोन दिवसांत झाली. ती का केली हे चार ओळींत लिहायला मात्र मला तीन आठवडे लागले.

शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्र्यांमध्ये भट्टीचं तापमान नोंदवणारी आमची एक छोटी पेटी असते. आत लिनक्स, २५६ एमबी रॅम आणि स्वॅपला (रॅम कमी पडली की डेटा हलवायच्या जागेला) झेडरॅम. म्हणजे स्वॅपसुद्धा रॅममध्येच, दाबून भरलेला. महिन्यातून एकदा-दोनदा पेटी रात्रपाळीला गोठायची. शेवटी सिरियल केबल लावून लॅपटॉप तिथंच ठेवला. तिसऱ्या सकाळी स्क्रीनभर एकच ओळ होती: 'राइट-एरर ऑन स्वॅप-डिव्हाइस', म्हणजे स्वॅपमध्ये लिहिता येत नाही.

कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, थोडी मेमरी कायम बाजूला ठेवतो. २५६ एमबीला ती साधारण २ एमबी भरते. मोकळी मेमरी या खुणेखाली गेली की साध्या मागण्या थांबतात आणि आधी जागा मोकळी करायचं काम सुरू होतं. पण जागा मोकळी करायलाही मेमरी लागते. झेडरॅमला दाबलेलं पान (मेमरीचा तुकडा) ठेवायला कुठंतरी जागा हवीच ना. ती या राखीव साठ्यातून मिळते. आमच्या ड्रायव्हरमध्ये (सेन्सर वाचणाऱ्या कोडमध्ये) सेन्सरचा डेटा घेताना मेमरीच्या मागणीला 'जीएफपी_मेमॅलॉक' हा फ्लॅग, म्हणजे खास सूचना, लावलेला होता. हा फ्लॅग असला की साठा अगदी तळापर्यंत उपसता येतो, मग झेडरॅमला काही उरत नाही. लावणारा मीच. नोंदी गळू नयेत म्हणून दोन वर्षांपूर्वी लावला होता, आणि चाचणीत सगळं छान चाललं होतं.

फ्लॅग काढला, आधीच बाजूला काढलेल्या बफरचा मेमपूल, म्हणजे ड्रायव्हरचा स्वतःचा छोटा साठा, केला. मग पुण्याचे आमचे सर म्हणाले, "आता हे कोडमध्ये लिहून ठेव. पुढचा माणूस परत तोच फ्लॅग लावणार."

पहिला मसुदा: 'हा फ्लॅग अत्यंत काळजीपूर्वक वापरावा.' सरांचा शेरा: "काळजीपूर्वक म्हणजे काय करायचं?" दुसऱ्यात लिहिलं, 'फक्त महत्त्वाच्या कामासाठी.' शेरा: "प्रत्येकाला आपलं काम महत्त्वाचंच वाटतं. तुलाही वाटलं होतं." झोंबलं, पण खरं होतं. कर्नलच्या हेडर फाइलमधली या फ्लॅगबद्दलची टीप २०२०मध्ये वाढवली गेली आणि तिच्यात सगळं आहे. मी ती वाचलीही होती, नुसती वाचली होती.

त्या रविवारी चिखलीला शेतावर गेलो. नदीवरच्या मोटरीचा फूटव्हॉल्व्ह गळतो, पाइपातलं पाणी उतरतं, मग मोटर नुसती फिरते. म्हणून आबा शेजारी भरलेली बादली ठेवतात. तिच्यातलं पाणी आत ओतल्याशिवाय मोटर पाणी धरत नाही. मी चिखलाचे पाय घेऊन सरळ त्या बादलीकडे गेलो. आबा बांधावरून ओरडले, "आरं, ते पाणी वढायचं पाणी हाय, पाय धुवायचं न्हवं!"

घरी येऊन तिसरा मसुदा लिहिला: 'या मागणीमुळे लगेच जास्त मेमरी मोकळी होणार असेल तरच हा फ्लॅग लावा. किती उपसायचं याला मर्यादा घाला, आणि जेवढी मेमरी मोकळी होईल त्या मानानंच पुढचं घ्या. त्याआधी मेमपूलनं भागतं का ते बघा. पूल रिकामा असेल तर नोंद सोडून द्या आणि गळतीचा आकडा वाढवा.' बादलीबद्दल अवाक्षर नाही. सरांना ते चाललं नसतं.

सरांनी एकच शब्द बदलला आणि मसुदा घेतला. लिहिताना अजून एक दिसलं: मेमपूल स्वतः मेमरी मागताना 'राखीवला हात लावू नको' असा उलटा फ्लॅग आपणहून लावतो. दोन वर्षं तो कोड माझ्यासमोर होता.

पेटी आता गोठत नाही. पण गळतीचा आकडा अहवालात दिसायला लागलाय, आणि परवाच एका फौंड्रीतून फोन आला, "रात्री दोनच्या सुमाराच्या चार नोंदी कुठं गेल्या हो?"